क्वीन्स, न्यूयॉर्क : संग्रहालये, उद्याने आणि भेटीची ठिकाणे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

उन्हाळ्यात मुलांकडे न्यूयॉर्क परिसरात येणाऱ्या मराठी आईवडिलांचा पहिला आठवडा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, टाइम्स स्क्वेअर आणि एम्पायर स्टेट इमारत यांत सरतो, आणि दुसऱ्या आठवड्यात "आता कुठे न्यायचे?" हा प्रश्न मुलांपुढे उभा राहतो. क्वीन्समध्ये राहणाऱ्या आम्हा मंडळींना तो दर वर्षी विचारला जातो, म्हणून नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत.

बरो म्हणजे काय? क्वीन्स शहरात मोडते की शहराबाहेर?

न्यूयॉर्क शहराचे मॅनहॅटन, ब्रुकलिन, क्वीन्स, ब्रॉन्क्स आणि स्टेटन आयलंड असे पाच भाग आहेत. त्यांना बरो म्हणतात, आणि १८९८ साली ते एका महानगरात आणले गेले. क्षेत्रफळाने क्वीन्स त्यांत सर्वांत मोठे आहे आणि २०२० च्या जनगणनेनुसार तिथली लोकसंख्या २४ लाखांहून अधिक आहे. कागदोपत्री ते शहरातच असले, तरी अंधेरी-बोरिवलीची माणसे फोर्टात जाताना जशी "टाउनला जातो" म्हणतात, तशी इथली माणसे मॅनहॅटनला निघाली की "सिटीत जातो" म्हणतात. जे. एफ. के. आणि लाग्वार्डिया हे दोन्ही विमानतळ क्वीन्समध्येच असल्यामुळे आपले बहुतेक पाहुणे न्यूयॉर्कच्या जमिनीवर पहिले पाऊल इथेच ठेवतात आणि मग इथे पुन्हा फिरकत नाहीत.

क्वीन्स हे नाव कोणत्या राणीचे?

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याची पोर्तुगीज राणी कॅथरिन ऑफ ब्रगँझा हिच्यावरून हे नाव पडले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. १६६१ च्या विवाहकरारात जिच्या आंदणात मुंबई बेट इंग्रजांना मिळाले, तीच ही राणी. पुढे १६८३ साली न्यूयॉर्क प्रांताचे जिल्हे पाडले गेले, तेव्हा एका जिल्ह्याला राजाचे म्हणून 'किंग्ज' (आजचे ब्रुकलिन) आणि शेजारच्या जिल्ह्याला 'क्वीन्स' असे नाव मिळाले. १९९० च्या दशकात कॅथरिनचा भव्य पुतळा इथे नदीकाठी उभारण्याचा बेत होता, परंतु राजघराण्याचा गुलामांच्या व्यापाराशी असलेला संबंध पुढे करून लोकांनी विरोध केला आणि तो बारगळला. त्यामुळे राणीच्या नावाच्या या बरोमध्ये पाहण्यासारखे पुष्कळ असले, तरी राणीचा तो पुतळा मात्र नाही.

हाती एकच दिवस असेल, तर काय पाहावे?

फ्लशिंग मेडोज-कोरोना पार्क. आम्ही हेच उत्तर दर वेळी देतो आणि त्याला कारण आहे.

हे उद्यान ८९७ एकरांचे आहे, म्हणजे दादरच्या शिवाजी पार्कासारखी तीस मैदाने त्यात सहज मावतील. शंभर वर्षांपूर्वी इथे ब्रुकलिनच्या कोळशाच्या भट्ट्यांमधली राख आणून ओतली जात असे. मुंबईकरांनी देवनारचे कचऱ्याचे डोंगर डोळ्यांपुढे आणावेत. शहराचे उद्यान-आयुक्त रॉबर्ट मोझेस यांनी ती जागा सपाट करून घेतली, १९३९-४० चे जागतिक प्रदर्शन तिथे भरले, आणि पंचवीस वर्षांनी, १९६४-६५ मध्ये, त्याच जागी दुसरे प्रदर्शन भरले. आज उद्यानात जे काही दिसते त्यातले बरेचसे या दोन जत्रांच्या मागे उरलेले आहे.

त्यांतली सर्वांत ओळखीची वस्तू म्हणजे 'युनिस्फिअर', स्टेनलेस स्टीलचा पोकळ पृथ्वीगोल. त्याची उंची १४० फूट आहे, म्हणजे साधारण बारा मजली इमारतीएवढी. उन्हाळ्यात भोवतीची कारंजी सुरू असतात आणि आसपासच्या वस्त्यांतली मुले कपड्यांनिशी त्यांत शिरतात. छायाचित्र काढायला लोक गोलाच्या पायथ्याशी जातात आणि मग गोल चौकटीत मावत नाही, म्हणून आधी दूर जाऊन उभे राहावे.

गोलाच्या समोरच क्वीन्स म्युझियम आहे. आतली वस्तू एकच पाहायची ठरवली, तर ती 'पॅनोरमा' असावी. १९६४ च्या प्रदर्शनासाठी शंभरहून अधिक कारागिरांनी तीन वर्षे खपून संपूर्ण न्यूयॉर्क शहराची ही प्रतिकृती बनवली. तिचे क्षेत्रफळ ९,३३५ चौरस फूट आहे, तिच्यात सुमारे ८,९५,००० इमारती आहेत आणि प्रमाण १ इंचाला १०० फूट असे आहे. एम्पायर स्टेट इमारत त्यात सव्वा फुटाची होते आणि साधी तीन मजली घरे नखाएवढी दिसतात. कडेने फिरणाऱ्या उताराच्या वाटेवरून आपण विमानातून पाहावे तसे खाली पाहत जातो. तिथे थोडा वेळ थांबून माणसांकडेही पाहावे. मुलाचे घर शोधणारे वडील कठड्यावर वाकून, बोट हवेत धरून, आधी पूल, मग रेल्वेचा मार्ग, मग चौक असे करत गल्लीपर्यंत पोहोचतात आणि "ही बघ, ही आपली!" असे इतक्या मोठ्याने म्हणतात की बाकीचे वळून पाहतात. प्रतिकृतीची शेवटची मोठी दुरुस्ती १९९२ साली झाली. मुलाचा फ्लॅट नव्या टॉवरमध्ये असेल, तर तो बहुधा सापडणार नाही, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

याच इमारतीचा भारताशी काही संबंध आहे, असे ऐकले. ते खरे आहे का?

होय. मॅनहॅटनमधले मुख्यालय तयार होण्यापूर्वी, १९४६ ते १९५० या काळात, संयुक्त राष्ट्रांची आमसभा याच इमारतीत भरत असे. १९४६ च्या अधिवेशनात भारतीय शिष्टमंडळाच्या प्रमुख विजयालक्ष्मी पंडित यांनी दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न मांडला, आणि ८ डिसेंबर १९४६ रोजी त्यावरचा ठराव दोन-तृतीयांश मतांनी संमत झाला. भारत तेव्हा स्वतंत्रही झालेला नव्हता. याच विजयालक्ष्मी पंडित पुढे १९६२ ते १९६४ या काळात महाराष्ट्राच्या राज्यपाल होत्या. पॅलेस्टाइनच्या फाळणीचे मतदानही २९ नोव्हेंबर १९४७ रोजी इथेच झाले. जगाच्या इतिहासाला वळण देणाऱ्या या इमारतीचा काही भाग नंतर अनेक वर्षे बर्फावर घसरण्याच्या खेळासाठी वापरला जात होता, यावरून क्वीन्सचा स्वभाव थोडासा कळतो.

लहान मुले बरोबर असतील, तर?

त्याच उद्यानाच्या दुसऱ्या कडेला न्यूयॉर्क हॉल ऑफ सायन्स आहे. स्वतः हाताळून पाहण्याच्या प्रयोगांत मुलांचे चार तास कसे जातात ते कळत नाही, आणि बाहेर उभी असलेली अ‍ॅटलास व टायटन ही अग्निबाणांची जोडी आजोबांनाही खिळवून ठेवते. प्रदर्शनाच्या काळातला उंच सभागार मात्र आवर्जून पाहावा, कारण त्याच्या भिंतींत गडद निळ्या काचेचे तुकडे बसवलेले आहेत आणि दुपारी आत गेल्यावर पाण्याखाली उभे असल्यासारखे वाटते. शेजारीच छोटे प्राणिसंग्रहालय आहे. त्यात मुख्यतः अमेरिका खंडांतले प्राणी आहेत, आणि पक्ष्यांसाठीचा त्रिकोणी सांगाड्यांचा घुमटही जुन्या प्रदर्शनातूनच आलेला आहे.

गाडीची सोय असेल, तर क्वीन्सच्या पूर्व टोकाला असलेले क्वीन्स काउंटी फार्म म्युझियम आम्ही याहून वर ठेवू. ४७ एकरांच्या या जमिनीवर १६९७ पासून शेती होत आली आहे. शेळ्या, मेंढ्या, कोंबड्या आणि ट्रॅक्टर पाहून गावाकडून आलेल्या आजीला "यात काय पाहायचे?" असे वाटेल, पण न्यूयॉर्कच्या हद्दीत मातीचा वास घ्यायला मिळणे ही थोडी गोष्ट नव्हे. शरद ऋतूत मक्याच्या उभ्या पिकातून वाटा काढून भूलभुलैया केलेला असतो. एरवी प्रवेश विनामूल्य असतो, खास कार्यक्रमांना तिकीट लागते. रेल्वे तिथपर्यंत जात नाही, बस घ्यावी लागते.

फ्लशिंगचे गणपती मंदिर पाहण्यासारखे आहे का?

बोन स्ट्रीटवरच्या या मंदिरात ४ जुलै १९७७ रोजी प्राणप्रतिष्ठा झाली आणि अमेरिकेतल्या सुरुवातीच्या पारंपरिक हिंदू मंदिरांमध्ये त्याची गणना होते. मूर्ती श्रीमहावल्लभ गणपतीची आहे आणि पूजा, वास्तू व वातावरण सगळे दाक्षिणात्य आहे. सारसबाग किंवा सिद्धिविनायक मनात धरून गेलेल्यांना आरतीऐवजी नादस्वरम ऐकू येईल. तळघरातले कँटीन डोशांसाठी शहरभर प्रसिद्ध आहे. शनिवार-रविवारी तिथे रांग असते, क्रमांक पुकारला की ताट आपण उचलून आणायचे असते, आणि समोरच्या बाकावर तमिळ आजी, गुजराती विद्यार्थी आणि चिनी कुटुंब शेजारी शेजारी बसून सांबार ओरपत असतात. दर्शनाची वेळ पाहून निघावे आणि भूक ठेवून जावे.

परंतु त्याच रस्त्यावर, उत्तरेला पंधरा मिनिटांच्या अंतरावर, सुमारे १६६१ साली बांधलेले बोन हाउस आहे, आणि मंदिरात जाणाऱ्या शंभरातल्या नव्वदांना ते माहीत नसते. इंग्रजांच्या आधीच्या डच राजवटीत क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांना एकत्र येऊन प्रार्थना करण्याची बंदी होती. १६५७ साली फ्लशिंगच्या तीस रहिवाशांनी त्याविरुद्ध लेखी निवेदन दिले. पाच वर्षांनी जॉन बोन यांनी आपल्या घरात क्वेकरांच्या प्रार्थनासभा भरू दिल्या, म्हणून त्यांना अटक झाली आणि देशाबाहेर धाडण्यात आले. त्यांनी हॉलंडमध्ये डच वेस्ट इंडिया कंपनीपुढे दाद मागितली, निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि ते परत आले. त्यांच्या नावाच्या रस्त्यावर आज गणपतीचे देऊळ आहे, आणि २०२२ साली देवळासमोरच्या भागाला 'गणेश टेंपल स्ट्रीट' असे जोडनावही मिळाले आहे. घर आतून पाहण्याचे दिवस मोजके असतात, पण बाहेरून पाहायला वेळेचे बंधन नाही.

आम्हाला आधुनिक कलेत गती नाही. तरीही कलासंग्रहालयांत जावे का?

नोगुची म्युझियममध्ये जावे. जपानी-अमेरिकन शिल्पकार इसामू नोगुची यांनी १९८५ साली स्वतःच्या कामासाठी ते स्वतःच उघडले. दगड, पाणी आणि झाडे यांचे ते एक शांत अंगण आहे. एका बाजूने खडबडीत आणि दुसऱ्या बाजूने आरशासारखे घासलेले दगड पाहताना कलेचे शिक्षण लागत नाही. पाथरवटाचे काम पाहिलेल्या माणसाला तर ते लगेच कळतात. नोगुची भारतातही हिंडले होते आणि जंतरमंतरच्या वास्तूंचा त्यांच्यावर प्रभाव होता. तिथून चालत काही मिनिटांवर सॉक्रेटिस स्कल्प्चर पार्क आहे. बेकायदा कचरा टाकण्याची नदीकाठची ही जागा कलावंतांनी आणि रहिवाशांनी साफ केली, आणि १९८६ पासून तिथे उघड्यावर शिल्पे मांडली जातात. प्रवेश विनामूल्य आहे.

एकोणिसाव्या शतकातल्या शाळेच्या इमारतीत असलेले मोमा पी. एस. वन हे मात्र अगदी आजच्या कलेचे ठिकाण आहे. बाराखडीच्या वर्गात बसल्यासारखे वाटण्याची तयारी असेल तरच जावे.

चित्रपटांची आवड असेल, तर?

अ‍ॅस्टोरिया भागात म्युझियम ऑफ द मूव्हिंग इमेज आहे. १९२० साली सुरू झालेल्या जुन्या स्टुडिओच्या आवारातल्या इमारतीत ते १९८८ साली उघडले. कॅमेरे, रंगभूषा, ध्वनिमुद्रण, संकलन अशी पडद्यामागची सगळी कामे तिथे मांडलेली आहेत. एका खोलीत प्रसिद्ध प्रसंगाला आपला आवाज देऊन डबिंग करून पाहता येते. आमच्या एका काकांनी तिथे मराठीतून संवाद म्हटले आणि रांगेतल्या लोकांनी टाळ्या दिल्या. बाहुल्यांचे जादूगार जिम हेन्सन यांच्यावरचे कायमस्वरूपी दालनही तिथेच आहे.

लुई आर्मस्ट्राँग यांच्या घरात विशेष काय आहे?

हे घर आमच्या यादीत फार वरचे आहे, आणि बहुतेक पर्यटक ते गाळतात. जगभर गाजलेला हा ट्रम्पेटवादक पैसा असूनही क्वीन्समधल्या कोरोना नावाच्या साध्या वस्तीत राहिला. १९४३ साली त्यांच्या पत्नी ल्युसिल यांनी, ते दौऱ्यावर असताना, हे घर घेतले. दौऱ्यावरून टॅक्सीने परतलेल्या लुईंना हे घर आपले आहे यावर विश्वासच बसेना, म्हणून त्यांनी टॅक्सीवाल्याला थांबवून ठेवले, असा किस्सा तिथे सांगतात. १९७१ साली त्यांचे निधन याच घरात झाले.

घर होते तसे ठेवले आहे. स्वयंपाकघर संपूर्ण फिरोजी रंगाचे आहे आणि कपाटांच्या चकचकीत दारांत आपलेच प्रतिबिंब दिसते. वरच्या अभ्यासिकेत टेप रेकॉर्डर आहेत. लुई घरातल्या गप्पा, जेवणे, सराव असे सगळे ध्वनिमुद्रित करून ठेवत आणि टेपांच्या खोक्यांवर कात्रणांची चित्रे चिकटवत. मार्गदर्शक एका खोलीत ते ध्वनिमुद्रण लावतात आणि रिकाम्या घरात अचानक तो घोगरा आवाज हसू लागतो. जॅझ न ऐकलेली माणसेही त्या क्षणी गप्प होतात. समोरच २०२३ साली नवे केंद्र उघडले आहे. घर लहान असल्यामुळे मोजक्याच लोकांना एका वेळी आत नेतात, तेव्हा आगाऊ नोंदणी करावी.

मॅनहॅटनची ती प्रसिद्ध आकाशरेषा कुठून पाहावी?

लाँग आयलंड सिटीमधल्या गँट्री प्लाझा स्टेट पार्कमधून, सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी. पलीकडे संयुक्त राष्ट्रांची इमारत अगदी समोर येते. उद्यानात उभे असलेले काळे लोखंडी सांगाडे म्हणजे रेल्वेचे डबे बार्जवरून उतरवण्याची जुनी यंत्रे. शेजारची पेप्सी-कोलाची लाल पाटी १९३६ ची आहे आणि तिला वारसा-दर्जा मिळालेला आहे. गच्चीवरून हेच दृश्य पाहायला मॅनहॅटनमध्ये मोठे तिकीट पडते, इथे बाकावर पाय पसरून बसता येते.

समुद्र, पक्षी, झाडे?

जमैका बे वाइल्डलाइफ रेफ्यूजमध्ये ३३० हून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झालेली आहे. 'ए' या मेट्रो गाडीने ब्रॉड चॅनल स्टेशनला उतरून थोडे चालावे लागते. तळ्याभोवतीच्या वाटेवर खांबांवर बांधलेली ऑस्प्रेची घरटी दिसतात. मासे पकडणारा हा शिकारी पक्षी हिवाळ्यात आपल्या कोकणातल्या खाड्यांवरही येतो, त्यामुळे पक्षीनिरीक्षकांना ओळख पटते. मे-जूनमध्ये अमावस्या-पौर्णिमेच्या भरतीला घोड्याच्या नालेच्या आकाराचे हॉर्सशू क्रॅब अंडी घालायला किनाऱ्यावर येतात. नावात खेकडा असला, तरी कुळाने ते कोळ्यांना जवळचे आहेत. उन्हाळ्यात डास आणि गोचिडी असतात, म्हणून पूर्ण विजार घालावी. डोक्यावरून जे. एफ. के.ची विमाने सतत जात असतात आणि पक्ष्यांना त्याचे काहीच वाटत नाही.

त्याच मार्गावर पुढे रॉकअवेचा किनारा आहे. २०१२ च्या सँडी वादळात वाहून गेलेला लाकडी फेरफटका-मार्ग आता काँक्रीटचा झाला आहे. जीवरक्षक असतील तेव्हाच पाण्यात उतरावे, कारण अटलांटिकची ओढ जुहूसारखी नाही. झाडांसाठी अ‍ॅली पाँड पार्कमधला 'क्वीन्स जायंट' हा ट्यूलिप वृक्ष आहे. त्याचे वय साडेतीनशे ते साडेचारशे वर्षांच्या दरम्यान मानतात, म्हणजे शिवराज्याभिषेकाच्या वेळी तो उगवलेला असावा.

जॅक्सन हाइट्समध्ये काय घ्यावे?

कुकर, डाळी, साड्या आणि सोने, म्हणजे भारतात अधिक चांगले मिळते ते सगळे. पण चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर तासभर फिरून मग नेपाळी, तिबेटी किंवा कोलंबियन खाणे खावे. ते पुण्यात इतक्या सहज मिळत नाही.

टेनिस पाहता येईल का?

यू. एस. ओपन १९७८ पासून फ्लशिंग मेडोजमध्येच होते. मुख्य सामन्यांची तिकिटे महाग असतात, परंतु त्याआधीच्या आठवड्यात पात्रता फेरीचे सामने विनामूल्य पाहू देण्याची पद्धत आहे, आणि खेळाडू तेव्हा हाताच्या अंतरावर सराव करताना दिसतात.

कोणत्या वारी जावे आणि खर्च कसा वाचवावा?

सोमवार आणि मंगळवार टाळावेत, कारण बहुतेक संग्रहालये त्या दिवशी बंद असतात आणि काही तर गुरुवारपर्यंत उघडतच नाहीत. प्रस्तुत लेखकाने आपल्या आईला भर जुलैत, दोन गाड्या बदलून, एका संग्रहालयाच्या बंद दाराशी मंगळवारी नेऊन उभे केले होते, आणि तो विषय घरात अजून निघतो. मुलगा किंवा सून शहरात राहत असेल, तर त्यांच्याकडे सार्वजनिक ग्रंथालयाचे कार्ड असतेच किंवा असायला हवे. त्यावर 'कल्चर पास' मिळतो आणि अनेक संग्रहालयांत एकापेक्षा अधिक माणसांना फुकट जाता येते. क्वीन्स म्युझियममध्ये प्रवेशमूल्य ऐच्छिक आहे.

पत्ते इतके गोंधळात टाकणारे का आहेत?

क्वीन्समध्ये घराच्या क्रमांकात मधे आडवी रेघ असते. रेघेच्या आधीचा आकडा जवळच्या आडव्या रस्त्याचा आणि नंतरचा घराचा. बोन हाउस बोन स्ट्रीटवर ३७-०१ आणि गणपती मंदिर ४५-५७ आहे, म्हणजे दोन्हींमध्ये साधारण आठ अ‍ॅव्हेन्यूंचे अंतर, एवढे पत्त्यावरूनच कळते. इथवर सोपे आहे. पण तेहतिसावी अ‍ॅव्हेन्यू, तेहतिसावा रोड आणि तेहतिसावा स्ट्रीट हे तीन वेगळे रस्ते आहेत. नकाशात ठिकाणाचे नाव घालावे, रस्त्याचे नको.

वयस्कर मंडळींना चालणे कितपत झेपेल?

फ्लशिंग मेडोजमध्ये एका दिवसात दोन ठिकाणांपेक्षा जास्त ठरवू नयेत, कारण स्टेशनपासूनच पुष्कळ चालावे लागते. सात क्रमांकाची गाडी क्वीन्समध्ये बहुतेक रस्त्यांच्या डोक्यावरून धावते, त्यामुळे खिडकीजवळची जागा मिळाली तर प्रवास हेच निम्मे दर्शन होते. पण सगळ्याच स्टेशनांवर लिफ्ट नाही, तेव्हा गुडघेदुखी असेल तर आधी नकाशावर खात्री करावी.

विमानतळावर चार-पाच तास काढायचे असतील, तर?

बाहेर पडण्याजोगा व्हिसा हाती असेल, तर जे. एफ. के.ची टर्मिनले जोडणाऱ्या एअरट्रेनने तिथल्या पाचव्या टर्मिनलला जावे. तिथे वास्तुविशारद एरो सारिनेन यांनी रचलेले, १९६२ साली उघडलेले टी. डब्ल्यू. ए.चे जुने टर्मिनल आहे. पंख पसरलेल्या पक्ष्यासारखी ही पांढरी इमारत २००१ पासून बंद होती आणि २०१९ साली तिथे हॉटेल सुरू झाले. मुक्काम न करताही दिवाणखान्यात बसता येते. लाल गालिच्याच्या त्या खोलगट बैठकीसमोर जुन्या पद्धतीचा सुटणाऱ्या विमानांचा फलक आहे. त्याच्या पट्ट्या मधूनच खडखड करत फिरतात, आणि आपले विमान त्यावर लागेल म्हणून वाट पाहत बसू नये, कारण ते दुसऱ्या टर्मिनलवरून सुटणार असते.